टाळ्या वाट्याला न आलेले: कॉलेज फुटबॉल संघातल्या खेळाडूंचा सन्मान कोणत्या क्रमाने करावा

दर नोव्हेंबरात तोच प्रकार. सीनियर डे, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा निरोपाचा दिवस, दोन आठवड्यांवर येतो. समितीत कुणाला तरी आठवतं की चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आणि तो झेलणारे रिसीव्हर सोडून बाकीच्यांसाठीही काहीतरी करायला हवं. मग घाईघाईत स्मृतिचिन्हावर कोरून घेतलं जातं, ‘कष्ट आणि निष्ठेबद्दल’. मी ज्या माजी विद्यार्थी समितीत काम करतो, तिथे आम्ही सलग दोन वर्षं हेच केलं. दुसऱ्या वर्षी ते एका लाँग स्नॅपरला, म्हणजे पायांमधून चेंडू लांब मागे टाकणाऱ्याला, मिळालं. चार हंगामांत त्याचा एकही स्नॅप (असा मागे टाकलेला चेंडू) पंटरच्या, म्हणजे तो लाथेने दूर मारणाऱ्याच्या, डोक्यावरून गेला नव्हता. हे मला समारंभानंतर पार्किंगमध्ये त्याच्या वडिलांनी सांगितलं. स्मृतिचिन्हावर त्यातलं अक्षरही नव्हतं.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेट घालून खेळतात तो. तिथल्या विद्यापीठांच्या समित्यांत, विद्यार्थी वृत्तपत्रांत, इक्विपमेंट रूममध्ये आता आपली माणसंही दिसतात आणि हे काम अनेकदा त्यांच्याच गळ्यात पडतं, कारण बाकीच्यांना क्वार्टरबॅकशी हस्तांदोलन करायचं असतं. चुका ठरलेल्या आहेत: वस्तू आधी, माणूस नंतर आणि कारण सगळ्यात शेवटी. खालचा क्रम बरोबर याच्या उलटा आहे.

## टप्पा १: देणारं कोण आणि परवानगी कुणाची (जुलै)

कुणाला द्यायचं हे नंतर बघू. देणारं कोण हे आधी कागदावर लिहा. संघ स्वतः देतोय, विद्यापीठाचा क्रीडा विभाग देतोय, की बाहेरचे म्हणजे माजी विद्यार्थी, पालक, चाहते? नियम प्रत्येकासाठी वेगळे आहेत. खेळाडूला कुठल्या प्रकारची वस्तू, किती किमतीपर्यंत आणि कुणाच्या पैशातून देता येते, हे एनसीएएच्या (कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) नियमांत ठरलेलं असतं. ते नियम बदलत राहतात, त्यामुळे ‘मागच्या वर्षी चाललं होतं’ याला काही अर्थ नाही.

विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे हे नियम पाळले जातात ना हे बघणाऱ्या कार्यालयाला, एकच ईमेल पाठवा आणि त्यात सगळं लिहा: देणारं कोण, वस्तू कोणती, किंमत किती, पैसे कोण भरणार, कार्यक्रम कुठे, जेवण आहे का, पालकांना बोलावणार का. त्रोटक प्रश्नाला त्रोटक उत्तर येतं आणि अडचण नेमकी न विचारलेल्या गोष्टीत निघते.

सावधान: कॉरिडॉरमध्ये कुणी ‘हो, चालेल’ म्हणालं म्हणून वस्तू मागवू नका. लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

दोन ठिकाणी चांगल्या हेतूची माणसं हमखास फसतात. पहिलं पालकांचा प्रवास. एखाद्या खेळाडूचे आईवडील दूरच्या राज्यात राहतात, त्यांना विमानाचं तिकीट काढून द्यावं असं कुणाच्या तरी मनात येतं. बाहेरच्या माणसाने असं तिकीट काढलं तर तो खेळाडूला दिलेला नियमबाह्य लाभ ठरू शकतो आणि शिक्षा खेळाडूला भोगावी लागते. सामन्याच्या प्रवेशपासांचंही तसंच. ते विद्यापीठाच्या यादीतूनच जाऊ द्या.

दुसरं म्हणजे पैसे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरू देण्याबद्दल मोबदला घेता येतो, म्हणून आता बक्षीस म्हणून सरळ रक्कम द्यायला हरकत नाही, असा समज पसरलाय. तो मोबदला जाहिरातीसारख्या कामाचा असतो. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, बाहेरच्यांशी झालेला ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार नोंदवावा लागतो. खेळाडू परदेशी विद्यार्थी असेल तर व्हिसाचा प्रश्न वेगळा. आणि हे दूरचं उदाहरण समजू नका. कॉलेज फुटबॉलमध्ये पंटर म्हणून ऑस्ट्रेलियातून आलेली बरीच मुलं आहेत आणि तुमच्या यादीत पंटर असण्याची शक्यता चांगलीच आहे. सन्मान आणि मोबदला एकमेकांत मिसळू नका.

## टप्पा २: ‘दुर्लक्षित’ म्हणजे कोण, हे एका वाक्यात लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचे सगळे वाद इथूनच सुरू होतात. व्याख्या नसली की हा पुरस्कार सांत्वनाचा होतो. दुसरं काही न मिळालेल्या बऱ्यापैकी प्रसिद्ध खेळाडूला तो दिला जातो. ज्याच्या नावाने स्टेडियम ओरडतं त्याला ‘दुर्लक्षित’ म्हणणं हास्यास्पद आहे, पण मी ते होताना पाहिलंय.

राष्ट्रीय पातळीवरचे तीन पुरस्कार बघितले की कळतं, व्याख्या किती वेगवेगळ्या प्रकारे करता येते. २०१० पासूनचा बर्ल्सवर्थ ट्रॉफी वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, सुरुवात केलेल्या खेळाडूसाठी आहे. तिथे निकष सुरुवातीची परिस्थिती. २०१५ पासूनचा जो मूर अवॉर्ड सबंध ऑफेन्सिव्ह लाइनला (आक्रमणात समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीला) मिळून दिला जातो, निकष एकत्र केलेलं काम. २०१९ पासूनचा पॅट्रिक मॅनेली अवॉर्ड फक्त लाँग स्नॅपरसाठी, निकष जागा. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी ठरवा. तिन्हीची खिचडी एका पुरस्कारात करू नका.

माझी शिफारस कामाच्या जागेवरून व्याख्या करण्याची आहे: ‘ज्या कामाचा आकडा अधिकृत स्कोअरशीटवर येत नाही, ते काम सबंध हंगामभर करणारा’. हे वाक्य लिहिलं की संघाकडे बघायची नजर बदलते. ऑफेन्सिव्ह लाइनमधले पाच जण, म्हणजे सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. त्यांचा नंबर माइकवरून ऐकू येतो तो बहुधा रेफरी होल्डिंगची, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याची, पेनल्टी जाहीर करतो तेव्हा. बचावात मधोमध उभा राहणारा नोज टॅकल दोन ब्लॉकर स्वतःवर ओढून घेतो आणि त्याच्यामागे मोकळ्या झालेल्या लाइनबॅकरच्या नावावर टॅकल (चेंडूवाल्याला पाडल्याची नोंद) जमा होतो. फील्ड गोलच्या वेळी, म्हणजे गुणासाठी चेंडू खांबांमधून मारताना, तो धरणारा होल्डर. पंट झाल्यावर कडेने धावत सुटणारा गनर, ज्याच्या धाकाने समोरचा फेअर कॅच, म्हणजे न धावता नुसता झेल घेण्याची मुभा, मागतो. तिथे गनरच्या नावावर काहीच लागत नाही.

आणि स्काउट टीम. हे खेळाडू सरावात पुढच्या आठवड्याच्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका वठवतात. कोचने कार्डावर काढलेली चाल बघायची आणि आपल्याच पहिल्या फळीविरुद्ध ती खेळायची. शनिवारी यांच्यातले कितीतरी जण गणवेशसुद्धा घालत नाहीत. यांच्यासाठी वेगळी व्याख्या आणि वेगळा पुरस्कारच लागतो, कारण सामन्यातल्या कामाशी त्यांची तुलना होऊ शकत नाही.

तपासा: तुमचं विद्यापीठ डिव्हिजन थ्रीमध्ये किंवा आयव्ही लीगमध्ये आहे का? तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, त्यामुळे ‘वॉक-ऑन’ हा निकष निरर्थक ठरतो. उलट, २०२५ पासून मोठ्या विद्यापीठांपैकी ज्यांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची नवी व्यवस्था स्वीकारली त्यांना फुटबॉलची यादी साधारण १०५ जणांच्या आत ठेवावी लागते. तिथे वॉक-ऑनसाठी जागा कमी झाल्या आहेत. जुना निकष डोळे मिटून पुढे चालवू नका.

## टप्पा ३: वही ऑगस्टमध्येच उघडा

नोव्हेंबरमध्ये आठवून लिहिलेलं सगळं शेवटच्या तीन सामन्यांतलं असतं. सप्टेंबरमध्ये दोन सामने सेंटरच्या जागी उभं राहून निभावून नेलेला राखीव गार्ड तोवर कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून सराव शिबिर सुरू होताच एक साधी वही किंवा स्प्रेडशीट उघडा. रकाने चारच: सामना, खेळाडू, त्याने काय केलं, हे कुणी पाहिलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘असं म्हणतात’ हा साक्षीदार होत नाही.

दर सामन्यानंतर, रविवारी किंवा सोमवारी, अर्धा तास पुरतो. अधिकृत स्कोअरशीटमध्ये शेवटी मैदानात उतरलेल्या खेळाडूंची यादी असते. बहुतेक लोक तिथवर पोचतच नाहीत. ती आधी वाचा. ज्याच्या नावापुढे एकही आकडा नाही पण नाव मात्र दर आठवड्याला आहे, त्याच्याभोवती गोल करा. तुमची पहिली कच्ची यादी तिथेच तयार होते.

आकडे वाचताना काही सापळे लक्षात ठेवा.

कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, की ते गमावलेले यार्ड धावण्याच्या हिशेबातून वजा होतात. त्यामुळे ‘संघाची धावण्याची सरासरी कमी, म्हणजे लाइन कच्ची’ हा निष्कर्ष चुकू शकतो. सॅक वेगळे काढून सरासरी पुन्हा मांडा, चित्र बरंच बदलतं. सॅकचा दोषही दर वेळी लाइनचा नसतो. क्वार्टरबॅकने चेंडू उगाच धरून ठेवला असेल तर तो त्याच्या पदरात.

टॅकलचे आकडे यजमान संघाची नोंद करणारी मंडळी लिहितात. कुणी अर्धा टॅकल सढळ हाताने देतं, कुणी हात आखडता घेतं. एकदोन टॅकलच्या फरकावरून दोन खेळाडूंची तुलना करू नका.

सगळ्यात घातक सापळा जर्सीचा. कॉलेजमध्ये एकाच संघात दोन खेळाडूंना एकच नंबर असू शकतो. अट इतकीच की दोघे एकाच वेळी मैदानात नसावेत. व्हिडिओ बघून ‘४१ नंबरने काय सुंदर ब्लॉक केला’ असं तुम्ही लिहिता आणि तो ४१ नंबर भलताच निघतो. आमच्या वहीत हे एकदा झालं, आणि चुकीच्या मुलाला जवळजवळ पत्र गेलंच होतं. किकऑफ आणि पंटच्या वेळी तर बचावातले, आक्रमणातले सगळेच मिसळलेले असतात.

तपासा: वहीत नुसता नंबर कधीच लिहू नका. नंबर, आडनाव आणि खेळाची जागा, तिन्ही एकत्र.

लाँग स्नॅपरची नोंद त्यातल्या त्यात सोपी. पंटला तो साधारण १४-१५ यार्ड मागे चेंडू टाकतो, फील्ड गोलला सात-आठ यार्ड. एकूण स्नॅप किती, त्यांतले किती पंटरला किंवा होल्डरला जागा सोडून पकडावे लागले, एवढं मोजलं की झालं. होल्डरचं काम मात्र उलट मोजा: वाईट स्नॅप येऊनही किक वेळेवर गेली असे प्रसंग किती? स्नॅपपासून किकपर्यंत सगळं मिळून सव्वा सेकंद किंवा थोडं जास्त लागतं. त्या वेळात वाकडा आलेला चेंडू पकडून, उभा करून, त्याची लेस (शिवण) पुढे फिरवणं हे कसब आहे आणि ते टीव्हीवर एकदाच, तेही निसटतं दिसतं.

## टप्पा ४: विचारायचं कुणाला, आणि प्रश्न कोणता

‘तुमच्या मते सर्वात दुर्लक्षित खेळाडू कोण?’ हा प्रश्न विचारू नका. मुख्य कोच त्यावर सभ्यपणे पाच नावं सांगतील आणि पाचही जण सुरुवातीच्या अकरातले असतील. त्यांचा वेळही घेऊ नका. पोझिशन कोचला, म्हणजे त्या त्या जागेच्या खेळाडूंच्या कोचला, विचारा. तो दर सामन्यानंतर व्हिडिओ बघून प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीसाठी गुण देतो. गुण तो दाखवणार नाही आणि दाखवायचा आग्रहही धरू नये. पण ‘या हंगामात सगळ्यात कमी वेळा आपलं काम चुकलेला कोण?’ याचं उत्तर तो पटकन देतो.

स्काउट टीमबद्दल कोचपेक्षा पहिल्या फळीतल्या खेळाडूंना विचारलेलं बरं. प्रश्न असा: ‘सामन्यात समोरच्यांनी केलेली कुठली गोष्ट तुला आधीच माहीत होती? सरावात ती कुणी दाखवली होती?’ या एका प्रश्नातून मला जेवढी नावं मिळाली तेवढी कुठल्याही मतदानातून मिळाली नाहीत. लाइनबॅकर हसून सांगतो, ‘तो पोरगा आठवडाभर त्यांच्या क्वार्टरबॅकसारखाच डावीकडे पळत होता, वैताग आणला होता त्याने.’ हेच तुमचं साहित्य.

इक्विपमेंट मॅनेजर आणि विद्यार्थी मॅनेजर यांना विसरू नका. कोण सराव संपल्यावर थांबतो, नव्या मुलाला कोण समजावून सांगतो, हे त्यांना दिसतं. दुखापती बघणाऱ्या ट्रेनरला मात्र खेळाडूच्या दुखापतीविषयी काहीही विचारायचं नाही. तो सांगणारही नाही आणि विचारल्याने तुमच्यावरचा विश्वास जातो.

खेळाडूंचं मतदान घ्यायचं असेल तर गुप्त घ्या आणि स्वतःच्या गटाबाहेरच्या खेळाडूलाच मत द्यायची अट घाला. नाहीतर लाइनवाले लाइनला, बचाववाले बचावाला, आणि शेवटी ज्याचे विनोद चांगले तो निवडून येतो.

भेटीच्या वेळा संघाच्या संपर्क कार्यालयामार्फत ठरवा. डिव्हिजन वनमध्ये हंगामात खेळाडूंना खेळासाठी आठवड्याला वीस तासांची मर्यादा आणि एक सुट्टीचा दिवस असतो. तो दिवस त्यांचा आहे, मुलाखतीसाठी तो मागू नका.

## टप्पा ५: निवड

थोडक्यात सांगतो, कारण वही नीट असेल तर ही बैठक तासाभरात संपते. तिघे किंवा पाच जण बसा. प्रत्येक नावापुढे वहीतल्या किमान तीन वेगवेगळ्या सामन्यांतल्या, किंवा स्काउट टीमसाठी तीन वेगवेगळ्या आठवड्यांतल्या, नोंदी हव्यात. नसतील तर नाव बाजूला. एका हंगामात दोन, फार तर तीन सन्मान. आम्ही एका वर्षी सगळ्यांनाच दिले. दुसऱ्या दिवशी त्यातली अर्धी स्मृतिचिन्हं लॉकर रूममध्ये तशीच पडलेली सापडली.

सबंध लाइनला द्यायचं ठरलं तर आलटून पालटून खेळलेल्या राखीव खेळाडूंचीही नावं घ्या. पाचच नावं वाचली आणि सहावा टाळ्या वाजवत बसला, हे दृश्य फार वाईट असतं.

आधीच ठरवा: हंगाम संपताच खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, गेला तर? माझ्या मते सन्मान झालेल्या हंगामाचा असतो, तो त्याला मिळावा. पण हे नियमात आधी लिहिलेलं असू द्या. नाव जाहीर झाल्यावर भांडत बसायला नको.

## टप्पा ६: खेळाडूला आधी सांगा

अचानक धक्का देण्याची हौस सोडा. हे खेळाडू कॅमेऱ्यासमोर वावरलेले नसतात. एखाद्याला बोलताना अडखळायला होतं, एखाद्याच्या घरी असं काही चाललेलं असतं की आईवडील दोघांना एका मंचावर आणणं ही शिक्षाच ठरेल. समारंभाच्या निदान चार आठवडे आधी त्याला एकट्याला भेटा आणि तीन गोष्टी विचारा: सन्मान स्वीकारशील का, बरोबर कोण असावं, आणि कशाबद्दल बोलू नये?

तिसऱ्या प्रश्नावर थोडं थांबा, घाईने पुढे जाऊ नका.

१९७४ च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. नाव, खेळ, उंची, वजन, यांसारखी माहिती विद्यापीठ सहसा जाहीर करतं आणि विद्यार्थी तीही रोखून धरू शकतो. गुणांची सरासरी किंवा आर्थिक मदत मात्र त्या यादीत बसत नाही. ‘दोन नोकऱ्या करून, गुडघ्याच्या तीन शस्त्रक्रिया सोसून’ अशी वाक्यं लिहायला फार मोह होतो. तो खेळाडू लेखी हो म्हणाला तरच लिहा. आणि तो हो म्हणाला तरी स्वतःला विचारा, हे त्याच्या खेळाबद्दल आहे की लोकांच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी?

नावाचा उच्चार त्याच्याच तोंडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. या संघांत सामोअन, टोंगन, नायजेरियन आडनावं भरपूर असतात. ‘ज्ञानेश्वर’चं माइकवर काय होतं हे ज्याने ऐकलंय, त्याला हे जास्त पटवून द्यायला नको.

## टप्पा ७: मानपत्राचं वाक्य

सगळा जीव इथे आहे. बाकीचे टप्पे या वाक्यापर्यंत पोचण्यासाठीच.

नियम एकच: त्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घातलं तर वाक्य खोटं ठरलं पाहिजे. ‘संघासाठी सर्वस्व देणारा, निःस्वार्थी खेळाडू’ हे वाक्य देशातल्या प्रत्येक संघातल्या कुणालाही लागू होतं, म्हणून ते कुणाचंच नाही. त्याऐवजी असं: ‘बाराही सामन्यांतले पंटचे सगळे स्नॅप त्याचे. पंटरला एकदाही पाय हलवावा लागला नाही.’ किंवा स्काउट टीमच्या मुलासाठी: ‘ऑक्टोबरात दर मंगळवारी आणि बुधवारी तो वेगळा क्वार्टरबॅक झाला. चार आठवड्यांत चार जणांच्या लकबी त्याने उचलल्या. त्यातला एक डावखुरा होता.’

उद्घोषणा इंग्रजीत होणार, हे खरं. तरी मी मसुदा आधी मराठीत करतो, कारण ठरीव इंग्रजी शब्द आपोआप गळतात. कसोटीही घरचीच आहे. ज्या आजीने हा खेळ कधी पाहिला नाही तिला फोनवर ते वाक्य वाचून दाखवा. ‘म्हणजे त्याने नक्की केलं काय?’ असं तिने विचारलं तर वाक्य परत लिहा.

तुलना टाळा. ‘क्वार्टरबॅकला श्रेय मिळतं, पण खरा नायक हा’ असं म्हटलं की खेळाडू संकोचतो. उद्या त्याला त्याच क्वार्टरबॅकसमोर उभं राहायचं असतं. ‘कधीच तक्रार केली नाही’ हेही नको. त्याला तक्रार करायला जागा होती, असा त्याचा अर्थ निघतो. आणि ‘बेंच’ शब्दाचा विनोद करायचा मोह झाला, तर पेन खाली ठेवा.

तपासा: प्रत्येक आकडा वहीतल्या नोंदीशी जुळवा, मग संपर्क कार्यालयाकडून पडताळून घ्या, मग खेळाडूला वाचायला द्या. हाच क्रम. त्याला आधी चुकीचा आकडा दाखवला तर बहुतेक मुलं भिडेखातर दुरुस्त करत नाहीत.

## टप्पा ८: वस्तू

आता मागवा. वाक्य ठरल्यावर. नाव, आडनाव, वर्ष, जागा, वाक्य, बस. कोरण्याआधी नमुन्याचं चित्र मागवून खेळाडूच्या घरच्यांकडून स्पेलिंग तपासून घ्या. आडनावातली खूण, जोडरेघ, ज्युनियर किंवा ‘द थर्ड’, हे तिथेच सुटतं. त्याच्या पाठीवरच्या नावावरून नक्कल करू नका, जर्सीवर बरेचदा या खुणा नसतात.

## टप्पा ९: दिवस, जागा आणि घड्याळ

मध्यंतरात सन्मान करू असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. कॉलेज फुटबॉलचं मध्यंतर वीस मिनिटांचं असतं आणि तेव्हा खेळाडू लॉकर रूममध्ये पुढच्या अर्ध्याची आखणी ऐकत असतात. मध्यंतर बँडसाठी आणि जुन्या संघांसाठी. चालू हंगामातल्या खेळाडूसाठी दोनच खऱ्या जागा आहेत: सीनियर डेला सामन्याआधीची वेळ आणि हंगामानंतरचं बँक्वेट.

सीनियर डे म्हणजे घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. तिथे हिशेब कठोर असतो. २५ सीनियर, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त. एवढ्यात नाव, गाव आणि फार तर एक छोटं वाक्य बसतं. त्यामुळे पूर्ण मानपत्र तिथे नेऊ नका. स्टेडियममध्ये ते वाऱ्यावर जातं. ते बँक्वेटला वाचा. तिथे दोन मिनिटं मिळतात आणि ऐकणाऱ्यांना स्नॅप म्हणजे काय ते माहीत असतं.

सीनियर डेलाच काही करायचं असेल तर स्पेशल टीम्सच्या (किक आणि पंटच्या वेळी खेळणाऱ्यांच्या) कोचला वेळ विचारा. किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर वॉर्मअपला सगळ्यांच्या आधी मैदानात उतरतात. त्यांच्या तयारीच्या मधोमध त्यांना फोटोसाठी ओढून नेलं आणि पहिलाच पंट फसला, तर त्या दिवशी त्याचं नाव भलत्याच कारणाने घेतलं जाईल.

व्हिडिओ दाखवणार असाल तर विद्यापीठाच्या व्हिडिओ विभागाकडून चित्रण घ्या. टीव्हीवरचं चित्रण प्रसारण हक्कांत अडकलेलं असतं, आणि सरावाचं चित्रण कोचच्या परवानगीशिवाय वापरायचं नाही, त्यात संघाच्या चाली असतात. क्लिप दाखवताना त्या खेळाडूभोवती वर्तुळ काढा. साधी गोष्ट आहे, पण ती विसरली की सगळं सभागृह सवयीने चेंडूकडेच बघतं. गार्डचा ब्लॉक दाखवत असताना लोक टचडाउनला टाळ्या वाजवतात.

बोलणारा कोण? मुख्य कोचपेक्षा ज्याला त्या कामाचा थेट फायदा झाला तो. लाँग स्नॅपरसाठी पंटर, गार्डसाठी चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक, स्काउट क्वार्टरबॅकसाठी बचावाचा कप्तान. दोन मिनिटं सांगा, तीन धरून चाला. सन्मान घेणाऱ्याला भाषणाची सक्ती नको.

## टप्पा १०: दुसऱ्या दिवशी

पूर्ण मानपत्र संपर्क कार्यालयाला पाठवा आणि ते संघाच्या वार्षिक माहितीपुस्तकात जाईल का ते विचारा. खेळाडूची संमती असेल तर एक प्रत त्याच्या हायस्कूलच्या कोचला टपालाने पाठवा. ईमेल नको, कागद. तो कागद बऱ्याचदा तिथल्या कार्यालयाच्या भिंतीवर लागतो.

चूक झालीच, तर त्याच आठवड्यात, लेखी आणि खेळाडूच्या नावाने दुरुस्ती करा. स्मृतिचिन्ह नव्याने कोरून द्या, वर स्टिकर चिकटवू नका.

मग वही, कम्प्लायन्स ऑफिसची लेखी उत्तरं, उच्चारांची रेकॉर्डिंग आणि न निवडलेल्यांची यादी एका फोल्डरमध्ये घालून पुढच्या वर्षी हे काम करणाऱ्याच्या हाती द्या. ती न निवडलेल्यांची यादी मुद्दाम वर ठेवा. त्यातले निम्मे अजून दोन वर्षं खेळणार असतात.